कमी दाबाच्या पाण्याची चौकशी

बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला आणि दुरुस्त झाला, इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. प्लंबर सांगितलेल्या दिवशी आला याचंच घरात इतकं अप्रूप होतं, की तो काय करून गेला हे कुणी बघितलं नाही. मुलगा ऑफिसात होता, सून शाळेत शिकवत होती. घरात होते ते एकटे साहेब. त्यांनी प्लंबरला दार उघडलं, दिवसभर त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले, आणि तो गेल्यावर दार आतून लावून घेतलं. दार आठवणीने लावलं म्हणून संध्याकाळी दोघांनीही त्यांचं कौतुक केलं. हल्ली साहेबांच्या बाबतीत कौतुकाची पातळी तेवढ्यावर आली होती.

साहेब म्हणजे मुलाचे वडील. त्यांना तोंडावर सगळे बाबा म्हणत आणि पाठीमागे साहेब, कारण आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या खात्यात चौकशी अधिकारी म्हणून काम केलं होतं. गोदामात माल कमी भरला, फाइल गहाळ झाली, कुणी कुणाच्या सहीने काही पास केलं, की साहेबांना पाठवत. ते समोरच्याला पाणी विचारत, बसायला सांगत, आणि एकच प्रश्न सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी विचारत. संध्याकाळपर्यंत माणूस कबूल होई. त्यांच्यासमोरून कुणी निर्दोष सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोर आलेले सगळे दोषीच असणार, असा त्याचा अर्थ खात्याने काढला होता आणि साहेबांना दोनदा बढती दिली होती.

आता त्यांना स्वतःचं जेवण झालं की नाही हे विचारून घ्यावं लागे. एकदा त्यांनी गॅस चालू ठेवला, आणि एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जातो म्हणून निघाले ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बागेत सापडले, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला नाव-हुद्दा विचारत. त्यानंतर ताईने, म्हणजे मुलाच्या मोठ्या बहिणीने, घरी येऊन बैठक घेतली. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवास होता. झाडं होती, डॉक्टर होते, खिडकीला जाळी होती. खोली सांगून ठेवायची आणि आणखी एक प्रकार झाला की बाबांना तिकडे हलवायचं, असं ठरलं.

"प्रकार म्हणजे नक्की काय, ते तरी ठरवून घेऊ," सून म्हणाली.

"ते झालं की कळेल गं," ताई म्हणाली.

त्यानंतर घरात प्रत्येक जण प्रकाराची वाट बघत होता. सून तो होऊ नये म्हणून, ताई एकदाचा होऊन जावा म्हणून, आणि मुलगा कुणाच्या बाजूने हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.

दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून शॉवरखाली उभी राहिली, तर डोक्यावर पाणी पडण्याऐवजी ते भिंतीवरून ओघळत खाली यायला लागलं. गॅस गिझर पेटेना, कारण त्याला पेटायला जेवढा दाब लागतो तेवढाही नव्हता. स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार. वॉशिंग मशिनने बराच वेळ वाट बघून एक लाल दिवा लावला आणि काम सोडून दिलं.

मुलाने शोध सुरू केला. तो इंजिनिअर नव्हता, पण ऑफिसात इंजिनिअरांच्या शेजारी बसत असे. समोरच्या घरात विचारलं, वरच्या मजल्यावर विचारलं. त्यांच्याकडे पाणी धो धो येत होतं. म्हणजे दोष टाकीत नव्हता, घरात होता. मग त्याने प्रत्येक नळाच्या तोंडाची जाळी काढली. त्यातून वाळू, सिमेंटचा चुरा, पांढऱ्या टेपचे तुकडे असा ऐवज निघाला. तो त्याने बशीत काढून सगळ्यांना दाखवला आणि जाळ्या ब्रशने घासून परत बसवल्या. धार करंगळीएवढीच राहिली, फक्त आता स्वच्छ पडत होती.

"प्लंबरला बोलव," सून म्हणाली.

"बोलवतोच आहे. पण आपण आपलं बघून घेतलेलं बरं."

प्लंबर आला आणि जाळ्यांकडे त्याने बघितलंही नाही. बाथरूमच्या बाहेर, बोळकांडीत, साहेबांच्या खोलीच्या दाराला लागून भिंतीत एक कोनाडा होता. त्याला पत्र्याचं झाकण होतं आणि आत घरभराच्या पाण्याचा मुख्य कॉक. जुना, गोल मुठीचा. किती उघडा आहे ते नुसतं बघून कळत नाही, फिरवूनच बघावं लागतं असा. प्लंबरने मूठ फिरवली आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"दादा, हा अर्धा बंद आहे. मी पूर्ण खोलून गेलो होतो."

"नक्की?"

"दादा, मी कुठल्याही घरातून कॉक खोलल्याशिवाय निघतच नाही."

तो काही खोटं बोलत नव्हता. प्रत्येक घरातून निघताना तो कॉक खोलतो, तेव्हा या घरातूनही खोलूनच निघाला असणार, असा त्याचा प्रामाणिक हिशेब होता. त्याने मूठ एकदा पूर्ण आवळली, मग पूर्ण उघडली. बाथरूममधून खळखळ आवाज आला आणि पाणी सुटलं.

"दुपारचं घरात कोण असतं?" हात पुसत त्याने विचारलं.

या प्रश्नाचा पाण्याच्या दाबाशी संबंध नव्हता, पण उत्तर सगळ्यांना माहीत असल्यामुळे तो सगळ्यांना फार नेमका वाटला. साहेब आपल्या दारात उभे होते. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बाबा, तुम्ही हा कॉक फिरवला होता का?" मुलाने विचारलं.

"कुठला कॉक?"

"हा. या झाकणाच्या आतला."

साहेबांनी वाकून पाहिलं. "मी कशाला फिरवेन?" मग थोडं थांबून, "का? काय झालं?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाब पुन्हा उतरला. मुलाने संध्याकाळी आल्याबरोबर कॉक पूर्ण बंद केला, मग पूर्ण उघडला. पाणी आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याची पद्धत पक्की झाली: आधी बंद, मग उघडा, मग बाबांकडे एक नजर.

"तू बंद करायच्या आधी तो किती उघडा होता ते बघतोस का?" सुनेने विचारलं.

"पाणी येतंय ना?"

"येतंय. पण आधी तो पूर्ण उघडाच असला तर?"

"उघडा असता तर पाणी आलं नसतं का?"

शाळेत ती मुलांना तर्कशास्त्र शिकवत नव्हती, भूगोल शिकवत होती, त्यामुळे ती गप्प बसली. आणि मुलगा रोज सकाळी जाताना बाबांना विचारायला लागला, "बाबा, आज कॉकला हात नाही ना लावायचा?" संध्याकाळी आल्यावर, "बाबा, लावलात का हात?" दुपारी ताई फोन करून विचारी, "बाबा, त्या कॉकला हात वगैरे नाही ना लावलात?" सकाळ, दुपार, संध्याकाळ. ही कुणाची पद्धत आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. पोरांना ती वारशात मिळाली होती.

आठवड्याभरात साहेबांची उत्तरं बदलत गेली. आधी ते "नाही" म्हणत. मग "नाही, मला वाटतं" म्हणायला लागले. मग "लावला असेल का?" असं उलट विचारायला लागले. एकदा सून शाळेतून आली, तर ते बोळकांडीत खुर्ची टाकून कोनाड्यासमोर बसले होते.

"बाबा, इथे काय करताय?"

"लक्ष ठेवतोय," ते म्हणाले. "कोण येतं ते बघतो."

"कुणी आलं?"

"अजून तरी मीच."

मुलाने मग एक शास्त्रीय प्रयोग केला. सकाळी जाताना पत्र्याच्या झाकणावर आणि भिंतीवर मिळून चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि त्यावर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. झाकण उघडलं तर पट्टी सुटणार आणि रेघ तुटणार. संध्याकाळी आला तेव्हा पट्टी होती तशी होती, रेघ जुळत होती, आणि नळाला करंगळीएवढी धार होती.

पट्टीकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तिथेच वडिलांपुढे हात जोडून मोकळा झाला असता. पण इतके दिवस एका गोष्टीची खात्री बाळगल्यावर ती अशी एका चिकटपट्टीवरून सोडून देणं जिवावर येतं. त्याने ताईला फोन लावला.

"पट्टी शाबूत आहे," तो म्हणाला.

"मग त्यांनी परत चिकटवली असेल."

"रेघ जुळतेय ताई."

"अरे, जन्मभर सीलबंद खोल्या उघडण्यात गेला त्यांचा. सील पुन्हा लावण्यात त्यांचा हात कोण धरणार?"

ज्या माणसाची सकाळी डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात जाते, तो दुपारी रेघेला रेघ जुळवून पट्टी चिकटवतो, हे म्हणणं त्या क्षणी दोघांनाही पटलं. मुलाला तर जरा अभिमानही वाटला. पट्टीचं त्याने सुनेला सांगितलं नाही.

उरलेली शंका ताईने काढली. तिने साहेबांना शनिवार-रविवार आपल्या घरी नेलं. शनिवारी सकाळी मुलाने नेहमीप्रमाणे कॉक बंद केला, उघडला, आणि नेमकं त्या खेपेला सोमवारपर्यंत पाणी उत्तम आलं. सोमवारी साहेब परतले आणि संध्याकाळी गिझर पेटेना. ताईला आता आणखी काही नको होतं.

"झाला की नाही प्रकार?" ती म्हणाली.

हे साहेबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. पण ती वेळ आली नाही. पुढच्या रविवारी सकाळी साहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आणि मुलाला म्हणाले, "बसा." मुलाला ते कधी अहो-जाहो करत नसत. तो बसला. सून ओट्याशी उभी होती, तिलाही त्यांनी हाताने बसायची खूण केली.

"पाणी घेणार?" त्यांनी दोघांना विचारलं.

"नको, बाबा."

"दुपारच्या वेळी आपण कुठे असता?"

"ऑफिसात."

"पुरावा?"

"हजेरी असते ना. मशिनवर बोट लावून."

"ठीक. आणि आपण?"

"शाळेत, बाबा," सून म्हणाली.

"मुलं सांगतील तसं?"

"सांगतील."

"मग घरात कोण असतं?"

दोघं गप्प. साहेबांना अशा शांततेची सवय होती. ते थांबले. थांबणं हे त्यांचं मुख्य हत्यार होतं.

"तुम्ही असता, बाबा," शेवटी मुलगा म्हणाला.

"मी दुपारी काय करतो?"

"ते... तुम्हालाच माहीत."

"मला आठवत नाही," साहेब म्हणाले. दोन्ही तळवे त्यांनी टेबलावर सपाट ठेवले होते. "आता बघा. आठवत नाही, हे उत्तर मी आयुष्यात कुणाचं मान्य केलेलं नाही. माझ्यापुढे माणसं रडून सांगायची, साहेब खरंच आठवत नाही. मी म्हणायचो, ज्याने केलं नाही त्याला केलं नाही हे चांगलं आठवतं. बरोबर आहे की नाही?"

"बाबा, पुरे," सून म्हणाली. "कुणी तुम्हाला काही म्हटलेलं नाही."

"सूनबाई, मधे बोलायचं नाही." मग मुलाकडे वळून, "मी नाही केलं असं मला आठवत नाही. तेव्हा केलं. मी कबूल आहे. मला फक्त एवढं सांगा, का केलं असेल मी? माझा काय फायदा?"

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने ओट्याकडे. साहेबांनी ते फार मनावर घेतलं नाही. कारण सापडलं नाही म्हणून त्यांचा निकाल पूर्वीही कधी अडला नव्हता.

"शिक्षा काय ठरली आहे?" त्यांनी विचारलं. शिक्षा आधीच ठरलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुलाने टेबलावरच्या डागाकडे बघत सांगितलं, "एक जागा आहे, बाबा. शहराबाहेर. झाडं आहेत."

"बदली," साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मला वाटलं बडतर्फी."

त्यांना हलवलं त्या दिवशी सुनेने त्यांच्या बॅगेत स्वेटर, एक जादा चष्मा आणि दाढीचं सामान भरलं. ते सगळं त्यांनी बाहेर काढून तपासलं आणि परत भरलं. निघताना बोळकांडीतून जाताना त्यांनी दोन्ही हात छातीशी बांधून घेतले आणि भिंतीला अंग न लावता, आडवे होऊन, कोनाडा ओलांडला.

दोन आठवड्यांनी घरातलं पाणी पूर्ण बंद झालं. कॉक बंद करून उघडला, दहा वेळा केलं, थेंब नाही. मुलाने जुन्या प्लंबरला फोन केला, त्याने उचलला नाही. मग दुसरा एक शोधला. त्याने कॉकला हातही लावला नाही. भिंतीवर टकटक करत तो नव्या टाइलपाशी थांबला, ती काढली, आतला वळणाचा तुकडा पान्याने सोडवला आणि त्यात पक्कड घालून काहीतरी ओढायला लागला. ते बराच वेळ येत राहिलं. शेवटी बादलीत एक ओला, काळपट, लांबट बोळा पडला.

"पाइप कापला की आत राहिलेलं पाणी ठिबकत राहतं," तो म्हणाला. "जोड सुकायला पाहिजे ना, म्हणून काही जण चिंधी कोंबतात. मग काढायची विसरतात. तुम्ही कॉक बंद-चालू करायचात का?"

"रोज."

"हां. धक्का बसला की ती सरकते, पाणी येतं. मग पुन्हा फुगून बसते. कॉकचा काही दोष नाही यात."

सुनेने बोळा बादलीतून काढला आणि उलगडला. निळे पट्टे होते. साहेबांच्या जुन्या पायजम्याचा एक पाय. प्लंबरने चिंधी मागितली असणार आणि घरात असलेल्या एकमेव माणसाने शोधून दिली असणार. तिने तो पिळला, बेसिनच्या कडेला वाळत घातला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आज रविवार आहे. भेटायची वेळ चारपर्यंत असते. त्यांना घेऊन ये."

मुलाने आधी जुन्या प्लंबरला पुन्हा फोन लावला, या वेळी त्याने उचलला. "मी चिंधी कधी वापरतच नाही, दादा," तो म्हणाला. "घरातल्या कुणी घातली असेल."

"भिंतीच्या आत?"

"आता ते मी कसं सांगू?"

मग ताईला फोन करून त्याने बोळ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "पायजमा बाबांचा होता ना? म्हणजे त्यांचा हात होताच की त्यात. आणि हे बघ, गॅस काही चिंधीने चालू ठेवला नव्हता. तिथे ते रमलेत. उगीच हलवाहलव करू नकोस."

निवासातली खोली स्वच्छ होती. साहेब पलंगावर बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मुलाने खुर्ची जवळ ओढली. येताना वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं, ते तसंच म्हटलं.

"बाबा, ते पाण्याचं. ते तुम्ही केलं नव्हतं. पाइपात बोळा अडकला होता."

साहेबांनी ऐकून घेतलं. "बोळा कुणी घातला?"

"प्लंबरने."

"तो कबूल झाला?"

"नाही. तो नाही म्हणतो."

"हं," साहेब म्हणाले. "मी कबूल झालोय."

"पण बाबा, बोळा सापडलाय. मी डोळ्यांनी बघितला."

"बोळा बोलत नाही. माणूस बोलतो." ते मुलाच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, आणि तेवढ्यात ते पुन्हा वडिलांसारखे दिसले. "एकाने कबूल केलंय, एक नाही म्हणतोय. तू काय निकाल देशील? अशी मिटलेली प्रकरणं उघडत बसू नये. फार माणसं त्रासात येतात. मागची सगळी."

मुलाला पुढचं वाक्यही म्हणायचं होतं. ते फक्त दोन शब्दांचं होतं, चला घरी. ते त्याने तोंडात घोळवलं. मग त्याला वाटलं, त्यांचंच म्हणणं असं असेल तर आपण जबरदस्ती कशी करायची.

साहेब उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून नळासमोर उभे राहिले. उभेच राहिले.

"काय झालं, बाबा?"

"इथली बाई येते उघडायला. मला हात लावायची परवानगी नाही."

"कुणी सांगितलं असं?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "वरून आलंय," ते म्हणाले.

मुलाने उठून नळ सोडला. पाणी फोर्सने आलं, त्याच्या शर्टावर उडालं. साहेबांनी हात पुढे केले आणि सावकाश धुवायला लागले, एकेक बोट वेगळं धरून. खिशातला फोन वाजला. सून होती.

"विचारलंस त्यांना?" ती म्हणाली. "निघताय का तुम्ही? मी खोली झाडून ठेवली आहे."

साहेबांचे हात अजून पाण्याखाली होते.

"नळ चालू आहे इथे," मुलगा म्हणाला. "नीट ऐकू येत नाहीये. नंतर करतो."